कापसाचा बर्फ

थंडी पडली की खानदेशात माणसाला आधी भरीत आठवतं. मलाही आठवतं, मी काही जगावेगळी नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, वर कच्च्या तेलाची धार, कळण्याची भाकरी आणि खाताना नाकातून येणारं पाणी, हे सुख ज्याला ठाऊक नाही त्याने हिवाळा पाहिला असं मी मानतच नाही. पण जळगावच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जायला लागल्या, चाकांची करकर पहाटेपासून कानावर यायला लागली, की भरताच्या जोडीला मला एक हंगाम आठवतो. बोलपट यायच्या आधीचा. त्या हंगामात माझ्या भावाने धुळ्यात बर्फ आणला होता.

परवा शेजारची सून बोलपटाला चला म्हणून मागे लागली. गेले. तीन तास सगळे बोलतात आणि बोलून दम लागला की गातात. परत येताना ती म्हणाली, "अक्का, तुमच्या वेळी मुक्याने कसं हो कळायचं?" काय सांगू हिला? आमच्या वेळी पडदा मुका होता, बघणारे कुठे मुके होते? सगळं बोलणं आमच्याच बाजूने चालायचं.

माझं माहेर धुळ्याचं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कापसाची अडत होती. आई लवकर गेली, तेव्हा हंगाम सुरू झाला की मी जळगावहून धुळ्याला जायची आणि होळीपर्यंत राहायची. गाडीवाले शेतकरी आमच्याकडे उतरायचे. त्यांची भाकरी, त्यांचा चहा, त्यांच्या बैलांना पाणी, ह्या सगळ्याला घरात बाईमाणूस नको? माझे यजमान कुरकुरायचे, पण आबांपुढे कोण बोलणार. आबांपुढे कोणी बोलायचंच नाही, कारण आबाही कोणाशी फारसं बोलत नसत. कापूस हातात घ्यायचा, बोटांत ओढून बघायचा, मान हलवायची, झाला सौदा.

माझा धाकटा भाऊ मधू. आबांना मुलगा एवढाच. तो अडतीवर बसेल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, त्याला सोडून. हा आधी नाटकाचे पडदे रंगवायला पळाला आणि तिथून मुंबईत सिनेमाच्या कंपनीत शिरला. तिथे कोणा पारशी गृहस्थाकडे त्याने विलायती मासिकात एक चित्र पाहिलं. लांबलचक होडी, पुढे सापाचं तोंड, आत दाढीवाले धिप्पाड लोक आणि चहूकडे पांढरंफेक. व्हायकिंग म्हणे. उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रावरचे लुटारू दर्यावर्दी. झालं, आमच्या मधूला वेड लागलं. सगळी दुनिया राम, कृष्ण, हनुमान काढत होती, पडद्यावर देव दिसला की लोक नारळ फोडत होते, आणि ह्या शहाण्याला देव नसलेलं चित्र काढायचं होतं.

मी विचारलं, "अरे पण त्यात होतं काय?"

"म्हातारा सरदार मरतो. नाव बर्फात अडकते. त्याचे लोक त्याला खांद्यावर घेऊन चालत समुद्रापर्यंत नेतात, दुसऱ्या नावेत ठेवतात आणि ती नाव पेटवून पाण्यात सोडतात."

"आणि?"

"आणि काही नाही. चालतात, अक्का. खूप चालतात. बघणाऱ्याला थंडी वाजली पाहिजे."

मी कपाळाला हात लावला. खानदेशच्या माणसाला थंडी विकायला निघाला होता. निदान वैशाखात तरी विकायची, गिऱ्हाईक मिळालं असतं.

चित्र काढलं कुठे, तर तापीवर. उत्तरेचा समुद्र म्हणजे आपली तापीमाय. नावाड्यांची तरणी पोरं व्हायकिंग झाली, त्यांना अंबाडीच्या दाढ्या लावल्या, पायांत केसाळ कातड्याचे गुडघ्याएवढे जोडे चढवले. राहिला बर्फ. तो मधूने आबांकडे मागितला. काय हवंय ते ऐकून आबा मुनीमजींना म्हणाले, "दे त्याले. चांगला दे." गाड्या भरभरून रुई तापीकाठी गेली. वाळवंटभर पसरली. पिंजारी बोलावून धनुकल्या चालवल्या आणि हवेत रुई उडवली, म्हणजे बर्फ पडतोय. आबा ते बघायला गेले नाहीत, हंगाम होता. काम झाल्यावर ती सगळी रुई घरी परत आली आणि आमच्या गाद्यांत भरली गेली. पाहुणा आला की मी म्हणायची, झोपा हो, उत्तरेचा बर्फ आहे, विरघळायचा नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडाशी मुंबईत चित्र लागलं आणि आठवडाही पुरा न करता उतरलं. लोक हसले म्हणे. शिट्ट्या वाजवल्या. मारामारी कुठाय, बाई कुठाय, म्हणून ओरडले. मधू ते पेटीत भरून घरी आला. तोंड असं की मी त्याला टोमणा मारायचाही विसरले. दोन दिवस तो नुसता पडून होता. तिसऱ्या दिवशी जेवताना आबांना म्हणाला, "हे मी आपल्या लोकांना दाखवतो. जिनच्या कारखान्यापुढच्या मैदानावर तंबू ठोकतो. हंगामभर दाखवतो. एका तरी माणसाला खरी थंडी वाजली तर मी ह्या कामात राहीन. नाही वाजली तर मला हे येत नाही असं समजेन. धुळवड झाली की दुसऱ्या दिवसापासून अडतीवर बसेन."

आबांना आयुष्यभर हेच तर हवं होतं. त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "बरं." मी वाढत होते. मला त्या एका शब्दात त्यांचा सगळा आनंद ऐकू आला, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. घरात दिवा लावायला कोणीतरी राहील, असं वाटलं.

तंबू उभा राहिला. पौषातल्या संध्याकाळी, दिवेलागणीला. बायकांची बाजू कनातीने वेगळी केलेली, पुढे पेटी-तबलेवाले, मागे यंत्र हाताने फिरवणारा मुंबईचा मनुष्य. पडद्यावरच्या पाट्या मधू स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचा. तंबूत सरकीचा वास, घोंगड्यांचा वास, विड्यांचा धूर. गाडीवाले सगळे आलेले, आमच्याकडे उतरलेले नाना त्यात पुढे. नाना साक्रीकडचे शेतकरी, आबांच्या वयाचे, दर हंगामाला कापूस आमच्याच अडतीवर आणणारे. आबांना पुढे खुर्ची ठेवली होती.

चित्र सुरू झालं. सापाच्या तोंडाची नाव दिसली तशी पोराबाळांनी हात जोडले, शेषनाग समजून. तापी दिसली तेव्हा बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या, "हाई ते आपली तापी शे!" मधू मधूनच सांगायचा, हा उत्तरेचा समुद्र आहे. असेल बाबा, पण आम्ही तिथे पर्वणीला न्हालोय. म्हातारा सरदार मेला. मग त्याचे लोक त्याला खांद्यावर घेऊन चालायला लागले. चालतायत, चालतायत, पिंजाऱ्याची रुई वरून पडतेय, केसाळ जोडे खाली रुततायत, आणि ते चालतायतच. मला वाटलं आता शिट्ट्या येणार.

शिट्टी आली नाही. नाना उभे राहिले.

"मधूभाऊ," ते म्हणाले, अगदी सौम्यपणे, "हाऊ कापूस शे ना?"

"नाही नाना. बर्फ आहे."

"बरफ आम्ही कधी देखा नही. कापूस देखेल शे." मग पडद्याकडे बोट दाखवून, "लक्ष्मीवर जोडा?"

आता हे बाहेरच्याला सांगावं लागेल, कापूस म्हणजे आमची लक्ष्मी. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभात ठेवून, हळदकुंकू वाहून मगच आमच्याकडे बोंडाला हात लावतात. तोवर धन्यानेही तोडायचं नाही. मोठ्या पोत्यात कापूस भरताना माणसं त्यात उतरून पायांनी दाबतात, घाम गळेस्तोवर दाबतात, पण अनवाणी. तो कामाचा पाय. जोडा घालून कोणी कापसाच्या ढिगाकडे नुसता वळला तरी चार माणसं धावतील. हे धुळ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आणि आमचा मधू, कापसाच्या अडतीवर रांगलेला, हे विसरला कसा? मला विचाराल तर विसरला नव्हता. त्याला त्या वाळवंटात कापूस दिसतच नव्हता. तो इतके दिवस बर्फात राहत होता, आणि बर्फात अनवाणी कोण चालेल?

पण लोक उठले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. घोंगड्या झटकल्या, पोरं कडेवर घेतली आणि उठले. हसले असते तर परवडलं असतं. मुंबईवाला मनुष्य यंत्र फिरवतच होता, त्याला काय कळणार. मधू कंदील घेऊन पडद्याशेजारी उभा होता. कनातीच्या फटीतून मी बघत होते.

तेव्हा आबा खुर्चीवरून उठले. म्हणाले, "कापूस मना शे. मी दिन्हा."

कापूस आबांचा, आबांनीच दिलेला! सगळे जागच्या जागी थांबले. आबांनी जोडे काढले. अनवाणी पडद्यापाशी गेले. ती चालणारी माणसं आता आबांच्या पाठीवरून, पागोट्यावरून चालत होती. त्यांनी वाकून पडद्यावरच्या त्या पांढऱ्याला हात लावला आणि हात कपाळाला लावला. पाय लागला की आपण करतो तसं. मग परत आले, आणि खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसले. नाना त्यांच्या शेजारी बसले. मग हळूहळू तंबू बसला.

पुढे नाव पेटली. बायकांच्या बाजूला कुजबूज सुरू झाली, मेलेल्याची बायको कुठाय, लेक कुठाय, रडतंय कोण? त्या मुलखात रडायला माणूस नाही, हे काही त्यांना पटेना. शेवटी एका म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि हुंदका दिला. तिच्या मागे दुसरीने. त्या सरदारासाठी, ज्याचं नावही कोणाला उच्चारता येत नव्हतं, आमच्या धुळ्याच्या बायका मनसोक्त रडल्या. मीही रडले, कारण नसताना. मसणवटीचा धूर बघितला म्हणून कित्येक जणी घरी जाऊन, अंगणात पाणी तापवून, डोक्यावरून न्हाल्या.

सकाळी मधू चुलीशी येऊन बसला. मला वाटलं होतं खुश असेल. चित्र पुरं झालं, लोक बसले, रडले, आणखी काय पाहिजे?

"आबांनी चित्र वाचवलं," तो म्हणाला, "आणि बुडवलं. आता तो बर्फ कायमचा कापूसच झाला."

"मग काय त्यांनी गप्प बसायचं होतं?"

"तसं नाही गं अक्का." भाकरीचा तुकडा तो हातात नुसता फिरवत होता. "आबांनीही कापूसच पाहिला. आबांनीसुद्धा."

मी त्याला झापलं. ज्या माणसाने भर तंबूत तुझ्यासाठी जोडे काढले त्याच्याबद्दल हे बोलतोस, लाज नाही वाटत? तो ऐकून घेऊन उठून गेला. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्याचं दुःख खरं होतं. माणसाला वाचवलेलं नको असतं कधीकधी, बघितलेलं हवं असतं. पण तेव्हा माझा तवा तापला होता आणि बाहेर गाडीवाले जेवायचे होते.

दुसऱ्या संध्याकाळपासून एक रीतच पडली. बर्फ दिसायला लागला की सगळा तंबू खाली वाकायचा, जमिनीला हात, हात कपाळाला, की झालं, मग सुखाने बघायचे. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. चित्राचं मूळ नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळे 'कापसाचा सिनेमा' म्हणायला लागले. आईबापांना बैलगाडीत घालून लोक दाखवायला आणायचे. तंबू साक्रीच्या बाजाराला गेला, जामनेरला गेला, जळगावला आला, आणि त्याच्या आधी त्याची कीर्ती पोचलेली असायची. जळगावात माझ्या सासूबाईंनी चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, रुई चांगल्या प्रतीची होती. मधू हसला. हसायला शिकला होता तोवर. गर्दी होती, मान होता, आणि रोज संध्याकाळी माणसं वाकली की तो मान फिरवून दुसरीकडे बघायचा. त्याला ज्याची वाट होती तो एक माणूस कुठेच भेटत नव्हता.

होळी जवळ आली. गाड्या कमी झाल्या, जिनचा भोंगा लवकर वाजायला लागला. शेवटचे खेळ पुन्हा धुळ्यात लागले. मधू आता धुळवडीनंतरच्या गोष्टी बोलायला लागला होता, मुनीमजींकडून कापसाच्या जाती समजावून घ्यायचा, आणि आबा त्याला ओढून दाखवायचे, धागा असा बघायचा. त्या दिवसांत आबा जेवताना दोन शब्द जास्त बोलायचे. मी एकदा त्यांना खिडकीशी गुणगुणताना ऐकलं. आयुष्यात तेवढंच एकदा.

आबा धुळ्यातल्या प्रत्येक खेळाला यायचे. कामावरून थेट यायचे आणि त्याच जागी, खाली, जमिनीवर बसायचे. का यायचे, कोणी विचारलं नाही. मला वाटायचं, एकदा कापसाची माफी मागितली ती रोज मागताहेत. किंवा मुलगा घरी येणार, त्याचं हे एवढं शेवटचं खूळ डोळे भरून बघून घेताहेत. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा, आणि तोंडावरून काही म्हणता काही कळायचं नाही.

शेवटचा खेळ. फाल्गुन चांगलाच तापायला लागला होता, तंबूत उकडत होतं, बायका पदराने वारा घेत होत्या. नाव अडकली, सरदार मेला, लोक चालायला लागले. सगळा तंबू नेहमीसारखा वाकला. मी फटीतून आबांकडे पाहिलं. आबा वाकले नव्हते. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत होते, आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं सोडून अंगाभोवती घट्ट लपेटून घेतलं होतं. दोन्ही हात काखेत. नाव पेटेपर्यंत ते तसेच बसून होते.

हे माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. मधू पाट्या वाचत होता. आबा गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं, आणि मीही तोंड उघडलं नसतं, हे आज सांगते.

लोक पांगले. मधू दोऱ्या सोडवायला लागला. आबा तंबूच्या दाराशी आले, जोड्यांत पाय घातले, आणि तसेच उभे राहिले. निघायचं तर निघेनात.

"मधू," त्यांनी हाक मारली.

तो आला. आबा त्याच्याकडे बघत नव्हते, रिकाम्या मैदानाकडे बघत होते.

"तठे गंज थंडी व्हती रे," आबा म्हणाले. "पोऱ्यासना पायमा जोडा व्हतात, बरं झायं."

गंज म्हणजे आमच्याकडे खूप. मधूने हातातली दोरी गुंडाळून ठेवली. आम्ही तिघं घरी आलो, मी वाढलं, दोघं जेवले.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आबा एकटेच अडतीवर गेले.